सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

सिस्टर, स.न.वि.वि.

नाव छापू नको म्हणालात, म्हणून नुसतं सिस्टर. गुहागरच्या बाजूला ओळखायचे ते ओळखतीलच.

पाचव्या महिन्यात उपकेंद्रात पोट तपासताना तुमचा हात थांबला. बारीक बारीक पाच व्रण. बाहेर बाकावर सासूबाई बसलेल्या, म्हणून तुम्ही हळूच विचारलंत, "हे कसले गो?"

वजन उतरवायला लग्नाआधी मुंबईत पोटाचं बायपास केलेलं. (आपल्याकडे बायपास म्हटलं की हात छातीवर जातो, म्हणून आणखीच लपवलं.) वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नका, असं तिथं बजावलं होतं, मला दहाव्या महिन्यातच गेले. आधीच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लाल गोळ्या रोज घेऊनही हिमोग्लोबिन 8.2 वर अडलेलं.

रक्त तपासलं तर बी-12 ही तळाला. "रोज तिसऱ्या (शिंपल्या) नि मासे खाणारीला कमी कसं?" सासूबाईंना पटेना. तुम्ही त्यांना विहीर दाखवलीत. पाणी भरपूर आहे, पण पंपच नसेल तर टाकीत चढेल कसं? बी-12 अंगी लागायला जठराची मदत लागते आणि लोह शोषणारा आतड्याचा पहिला भाग, माझं अन्न दोन्ही टाळून जातं. त्यांना पटलं. ऑपरेशन लपवल्याबद्दल चार दिवस अबोला धरला, तो वेगळा.

मग डॉक्टरांनी बी-12 ची इंजेक्शनं दिली, लोह सलाईनमधून. औषधाच्या रिकाम्या खोक्यावर तुम्ही वेळा लिहून दिल्यात: लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तास, गोळीवर चहा नाही. 'चहा नाही' खाली दोन रेघा. तो पुठ्ठा अजून फ्रिजवर आहे.

सातव्या महिन्यात साखरेची तपासणी. सगळ्यांना 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी. माझा ग्लास तुम्ही बाजूला सारलात. एवढी साखर एकदम आतड्यात उतरली असती तर घाम, धडधड, जुलाब. डॉक्टरांना फोन करून घरीच आठवडाभर बोट टोचून साखर मोजायचं ठरवलंत. मी प्यायलाच निघाले होते हो!

लेक 2.6 किलोची झाली. अंगावर पितेय. माझी इंजेक्शनं चालूच आहेत. पुढचं गुरुवारी. येताना तिसऱ्या आणते, साफ करून.

तुमची,
पाच व्रणांवाली