तू जिंकलास, सुन्या

वडगाव, बेळगाव
सोमवार, रात्री

प्रिय सुन्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. आई बरी आहे, माझा गुडघा आहे तसाच.

आप्पांना मायलोमा निघाला, हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर. कंबरेला वर्षभर मागाचाच दोष देत बसलो होतो. आता लेनालिडोमाइडची कॅप्सूल चालू आहे, २१ दिवस रोज, मग ७ दिवस सुट्टी. पाकिटातला कागद वाचला आणि तुझं तोंडच डोळ्यापुढं आलं. तुझं ते सेरेब्लॉन, ही कॅप्सूल पेशीत ज्याला चिकटते ते प्रथिन! गच्चीवर मी म्हणालो होतो, अ‍ॅडॅप्टर प्रथिन (दोन प्रथिनांना जोडून देणारं) म्हणजे सोयरिकीचा दलाल, स्वतः काडीचं काम करत नाही. दोन दिवस बोलला नव्हतास. (माझी चप्पल खाली तूच टाकलीस, अजून कबूल करत नाहीस.)

परवा आई ताणा सांधत होती. बोटाला राख लावायची, जुन्या धाग्याच्या टोकाला नवं टोक पिळायचं, अशी हजारो टोकं. कापड ती इंचभरही विणत नाही, पण तिच्यावाचून माग मुका. तुझं ते दुसरं अ‍ॅडॅप्टर, ग्रब-२, तेच करतं की रे! एका हातानं रिसेप्टरवरची (पेशीच्या दारावर निरोप घेणाऱ्या प्रथिनावरची) फॉस्फेट लागलेली जागा धरायची, दुसऱ्यानं सॉस नावाच्या प्रथिनाला, म्हणजे वाढीचा निरोप आतल्या रास प्रथिनापर्यंत पोचतो. सेरेब्लॉनचं काम मात्र उलटं: ज्या प्रथिनाला धरून आणेल त्याच्यावर युबिक्विटिनचा, म्हणजे 'मोडीत काढा' असा शिक्का, मग प्रोटिएझोममध्ये, पेशीच्या मोडणीयंत्रात, तुकडे. कॅप्सूल त्याच्या खाचेत बसली की त्याची आवडच बदलते, आणि मायलोमाच्या पेशी ज्यांच्या जिवावर जगतात ती इकारोस नि आयोलोस प्रथिनं ओढून आणतं. मान्य. जिंकलास.

पण पत्र त्यासाठी नाही. ताई बाळंतपणाला आलीय, सातवा महिना. आप्पांची कॅप्सूल पाच दिवस तीच पट्टीतून काढून हातावर देत होती. औषध आणायला भावोजी गेले होते. मेडिकलवाल्यानं कन्नडमध्ये बजावलं, "गर्भिणी मुट्टबारदु", गरोदर बाईनं हात लावायचा नाही. भावोजी सांगलीचे, कन्नड कळत नाही, "हं हं" म्हणून पिशवी घेऊन आले. तिथंही सांधणारं कुणी नव्हतं बघ.

कॅप्सूल फुटली नव्हती ना, मग घोर करू नका, यापुढं तिनं हात लावू नये, असं डॉक्टर म्हणाले. हातपाय घडायचे दिवस म्हणजे गर्भ राहिल्यावर साधारण २० ते ३६, ते कधीच मागं पडले, हेही मला ठाऊक आहे. पण थॅलिडोमाइड याच घराण्यातलं, १९६१ पर्यंत गरोदर बायकांना बिनघोर दिलेलं, आणि बाळं हातपाय खुंटलेली जन्मली. २०१० मध्ये जपान्यांना त्याचा धागा याच सेरेब्लॉनशी सापडला, आणि २०१८ मध्ये कळलं की गर्भात ते हातपाय घडायला लागणारं सॉल-४ प्रथिन ओढून संपवतं. हे सगळं तूच मला शिकवलंस, मेल्या. काल रात्री दोन वाजता कचऱ्यातून रिकामी पट्टी काढून टॉर्च मारून बघितली, पावडर कुठं सांडलीय का. कोरडी होती. परत टाकली, परत काढली.

आईला सांगितलं तर ती आप्पांचं औषधच बंद करेल. ताईला काय सांगू? फक्त "हात लावू नको" म्हणालो, तर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, झकास. वहिनींना नमस्कार, कुंदा पाठवतो. फोन करू नको, घरात भिंतीलाही कान आहेत. लिही.

तुझा,
बाळ्या