हशाची जागा कुठे गेली?

संपादक महोदय,

2013 साली दोन घरगुती विनोदी नाटकं पडद्यावर आली. केदार शिंदे यांचं ‘श्रीमंत दामोदर पंत’ त्याच नावाने, आणि ‘नवा गडी नवं राज्य’ ‘टाइम प्लीज’ होऊन. पहिल्यात भरत जाधव, दुसऱ्यात उमेश कामत आणि प्रिया बापट, म्हणजे रंगमंचावरचीच माणसं. हे मला फार मोलाचं वाटतं.

मी ठाण्यातल्या हौशी संस्थेत बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं सुचवली. जिथे हशा हमखास येई, तिथे संहितेत पेन्सिलीने उभी रेघ मारायचे. हशा ओसरेपर्यंत नट थांबे, मगच पुढचं वाक्य. गावागणिक रेघांच्या जागा बदलत. कॅमेऱ्यासमोर हा हशा नसतो. मग थांबलं तर प्रसंग रेंगाळतो, न थांबलं तर पुढचं वाक्य थिएटरातल्या हसण्यात बुडतं.

तेव्हा निर्मात्यांना कळकळीची विनंती: पटकथा लिहिण्याआधी नाटकाचे चार-पाच प्रयोग प्रेक्षकांत बसून पाहा, बाल्कनीतूनसुद्धा. आणि पडद्यावर नाटकातला दिवाणखाना सोडून बाहेर पडायची घाई करू नका. सासू आतून येते, जावई बाहेरून. सगळी गंमत त्या दोन दारांत असते.

आपली,
एक नाट्यरसिक, ठाणे