निळे चिन्ह रंगवले की झाले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहनतळात जमिनीवर व्हीलचेअरचे निळे चिन्ह रंगवले की कायद्याची पूर्तता झाली, असा समज व्यापारी संकुलांपासून कार्यालयांपर्यंत सर्वत्र रुजलेला दिसतो. वास्तविक राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दिव्यांगांसाठी राखीव अशी जागा किमान ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. ही जादा रुंदी म्हणजे सवलत नव्हे. गाडीचे दार सताड उघडून आसनाला खेटून व्हीलचेअर उभी करता आली, तरच बसलेल्या व्यक्तीला तिच्यात सरकता येते. त्या पट्ट्यात कोणी ‘दोनच मिनिटांसाठी’ दुचाकी लावली, तर काम आटोपून परतलेल्या माणसाला स्वतःच्याच गाडीत बसता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ ने बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळांवरील पार्किंग, स्वच्छतागृहे आणि तिकीट खिडक्या मानकांनुसार करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. जुन्या वाहनांत बदल करण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’ आणि ‘आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य’ या शब्दांआड टाळाटाळीला भरपूर वाव राहतो. शिवाय बसला रॅम्प असून भागत नाही. चालकाने बस थांब्याच्या कट्ट्याला लावून उभी केली नाही, तर तोच रॅम्प थेट रस्त्यावर टेकतो आणि त्याची घसरगुंडी होते.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात या कायद्याखालील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याची भाषा सक्तीची असताना नियमांनी तिला निव्वळ शिफारशींचे रूप दिले होते. सक्तीची किमान मानके वेगळी काढण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदतही दिली.

माझ्या मते खरी किल्ली कलम ४४ मध्ये आहे. नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकामाची परवानगीही नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही, असे ते बजावते. पहिल्या उल्लंघनाला कमाल १०,००० रुपये दंड आहे. मोठ्या संकुलाच्या मालकाला त्याची काय मातब्बरी? दाखला अडला की मात्र तो धावत येतो. म्हणून दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने आरक्षित जागेची रुंदी, प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर आणि रॅम्पचा उतार प्रत्यक्ष मोजून त्या नोंदी दाखल्यासोबत जाहीर करणे बंधनकारक करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक