रेघ कुठून जाते यापेक्षा पाणी किती चढणार ते छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पा उपसागराच्या काठी असलेल्या पिनेलस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहते आणि आपले दैनिक मोबाइलवर नियमित वाचते. जून ते नोव्हेंबर हा इकडचा चक्रीवादळांचा मोसम. या काळात मेक्सिकोच्या आखातात एखादे हरिकेन तयार झाले की मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर त्याची बातमी येते. सोबत नकाशा असतो, नकाशावर वादळाच्या केंद्राचा अपेक्षित मार्ग दाखवणारी एक रेघ असते आणि शीर्षकात ‘श्रेणी चार’ किंवा ‘श्रेणी पाच’ असा आकडा असतो. मग नाशिक-सांगलीहून नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाचे प्रश्न तेच दोन असतात : वादळ कितव्या श्रेणीचे आहे आणि ते तुमच्या गावावरून जाणार का? काळजीपोटी विचारलेल्या प्रश्नांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र घर सोडायचे की थांबायचे, हे केवळ या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरवणे किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते आणि बेतलेही आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मायामीजवळचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी, म्हणजे पहाटे पाच, सकाळी अकरा, सायंकाळी पाच आणि रात्री अकरा वाजता नवा अंदाज प्रसिद्ध करते. वादळ जवळ आले की मधल्या वेळीही पत्रके निघतात आणि येथील घराघरांतील दिनक्रम त्या वेळांभोवती बांधला जातो. या अंदाजातील शंकूच्या आकाराचा पट्टा आपल्याकडे ‘धोक्याचे क्षेत्र’ म्हणून दाखवला जातो, ते चूक आहे. वादळाचे केंद्र त्या पट्ट्यात राहण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश आहे, एवढेच तो पट्टा सांगतो. तीनांपैकी एका वेळी केंद्र त्याच्या बाहेरही जाऊ शकते. शिवाय पट्ट्याची रुंदी मागील पाच वर्षांत अंदाज किती चुकले यावरून ठरत असल्याने वादळ आकाराने लहान असो वा अवाढव्य, पट्टा तेवढाच दिसतो. वारा, पाऊस आणि समुद्राचे उधाण, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर लोटलेले पाणी, मात्र त्याच्या कितीतरी बाहेर पसरलेले असते.

सप्टेंबर 2022 मधील ‘इयन’ वादळाचे उदाहरण पाहावे. सुरुवातीच्या अंदाजांतील रेघ टॅम्पाच्या दिशेने येत होती आणि सर्वांचे लक्ष आमच्याकडे होते. दक्षिणेकडील ली काउंटी शंकूच्या कडेला होती. तेथे घरे रिकामी करण्याचा आदेश 27 सप्टेंबरच्या सकाळी निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह वादळ कायो कोस्टा बेटावर धडकले. फोर्ट मायर्स बीच येथे दहा ते पंधरा फूट पाणी चढले. या वादळाने दीडशेच्या आसपास बळी घेतले आणि थेट वादळामुळे मेलेल्यांपैकी बहुतेक जण वाऱ्याने नव्हे, उधाणाच्या पाण्यात बुडून मेले. आमच्या उपसागरात मात्र त्या दिवशी पाणी उलट मागे ओढले गेले आणि तळ उघडा पडला.

असे का होते, हे एकदा समजले की नकाशा वेगळाच दिसू लागतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. समुद्र पश्चिमेला असलेल्या किनाऱ्यावर वादळ धडकते तेव्हा केंद्राच्या दक्षिणेस वारा समुद्राचे पाणी जमिनीवर लोटतो आणि उत्तरेस तोच वारा ते पाणी बाहेर ढकलतो. त्यात फ्लोरिडाच्या पश्चिमेकडील समुद्रतळ दूरवर उथळ असल्याने पाण्याला वर चढण्यावाचून जागा उरत नाही. म्हणून वादळ आमच्या उत्तरेला गेले तर आम्ही पाण्यात आणि दक्षिणेला गेले तर वाचलो, असा हा हिशेब आहे.

2024 च्या शरद ऋतूत या हिशेबाच्या दोन्ही बाजू दोन आठवड्यांच्या आत पाहायला मिळाल्या. 26 सप्टेंबरला ‘हेलीन’ वादळ पेरी या गावाजवळ जमिनीवर आले. आमच्यापासून ते ठिकाण सुमारे अडीचशे किलोमीटर उत्तरेला आहे. रेघ इतक्या दूर असल्याने पुष्कळांनी बॅगा भरल्याच नाहीत. त्या रात्री सेंट पीटर्सबर्ग आणि आसपासच्या बेटवजा वस्त्यांत सहा-सात फूट उधाण आले. एकट्या पिनेलस काउंटीत दहाहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील बहुतेकांना पाण्याने नेले. लोकांनी भिजलेले सोफे, गाद्या आणि भिंतींचे तुकडे रस्त्यांच्या कडेला रचून ठेवले होते, तोच ‘मिल्टन’ची वर्दी आली. 7 ऑक्टोबरला एका दिवसात ते पहिल्या श्रेणीवरून पाचव्या श्रेणीवर गेले. टॅम्पा उपसागरात दहा ते पंधरा फूट उधाणाचा इशारा निघाला. रस्त्याकडेचा ढिगारा वाऱ्याबरोबर उडून घरांवर आदळू नये म्हणून कचऱ्याचे ट्रक रात्रंदिवस धावत होते.

9 ऑक्टोबरच्या रात्री ‘मिल्टन’ सारासोटाजवळील सिएस्टा की येथे, आमच्या दक्षिणेला, तिसऱ्या श्रेणीचे होऊन धडकले. उपसागराचे पाणी पुन्हा बाहेर ओढले गेले. लोकांनी लगेच ‘अंदाज चुकला’ म्हणायला सुरुवात केली. ते खरे नाही. चोवीस तास आधीच्या अंदाजातही केंद्राच्या जागेत सरासरी चाळीस-पन्नास किलोमीटरचा फरक पडतो आणि आमच्या उपसागराच्या तोंडापासून सिएस्टा की फारशी त्याहून दूर नाही. शिवाय पाणी आलेच, फक्त आकाशातून. सेंट पीटर्सबर्गमध्ये साडेचारशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या बंदिस्त मैदानाचे छत वाऱ्याने फाटून गेले. त्याच वादळातून निर्माण झालेल्या टोर्नेडोंनी, म्हणजे जमिनीवरच्या छोट्या पण प्रचंड वेगवान वावटळींनी, केंद्र किनाऱ्यावर पोहोचण्याच्या काही तास आधीच, दूर पूर्व किनाऱ्यावरील सेंट लूसी काउंटीत सहा जणांचा बळी घेतला. ती काउंटी आपल्या वृत्तपत्रांच्या नकाशात कोठेच नव्हती.

श्रेणीचा आकडाही असाच अर्धवट आहे. सॅफिर-सिम्पसन या नावाने ओळखली जाणारी ही मोजपट्टी केवळ वाऱ्याचा वेग सांगते. तिच्यात पूर्वी उधाणाच्या उंचीचाही उल्लेख असे, तो 2010 पासून मुद्दाम काढून टाकण्यात आला, कारण पाण्याचा त्या आकड्याशी मेळ बसत नाही.

मग येथील माणूस काय पाहतो? पहिली गोष्ट म्हणजे आपल्या घराचा स्थलांतर-विभाग. किनाऱ्यावरील प्रत्येक काउंटीने उधाण कुठवर पोहोचेल याच्या हिशेबाने ए ते ई असे विभाग आखलेले आहेत, त्यांत ‘ए’ सर्वांत धोक्याचा, आणि आदेश या अक्षरांनुसार निघतो. ‘ए’ विभागातील माणसाने निघायचे असते, मग वादळ दुसऱ्या श्रेणीचे असो की चौथ्या. चाकांवरच्या किंवा हलक्या बांधणीच्या घरांत राहणाऱ्यांनी विभाग कोणताही असला तरी बाहेर पडायचे असते. पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून दडा, असे येथे सांगतात आणि दडण्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागत नाही, पंधरा-वीस किलोमीटर आत, उंचावरच्या पक्क्या इमारतीत गेले तरी पुरते. ‘मिल्टन’च्या वेळी सगळेच उत्तरेकडे निघाल्याने महामार्ग तुंबले आणि पेट्रोल पंप कोरडे पडले.

तयारीची यादी मी येथे देत बसत नाही, ती सर्वत्र मिळते. माणशी रोज सुमारे चार लिटर पाणी, औषधे, कागदपत्रे, खिडक्यांना प्लायवूड किंवा पत्र्याची दारे. दुकानांतील पाव सर्वांत आधी का संपतो, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. येथील बहुतेक शेगड्या विजेच्या असल्याने मराठी घरांत दशम्या, ठेपले आणि कोरड्या चटण्या वादळाच्या आदल्या दिवशीच तयार असतात. एक गोष्ट मात्र नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना आवर्जून सांगावीशी वाटते : घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. त्यासाठीचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा तीस दिवसांनी लागू होतो. आखातात वादळ दिसल्यावर अर्ज करून उपयोग नसतो.

हे सारे आपल्या दैनिकाला कळवण्याचे कारण कोकणात आहे. कोकणचा किनाराही पश्चिमाभिमुख आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ आले तेव्हा आम्ही येथून वाहिन्या पाहत होतो आणि बहुतेक कॅमेरे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर होते. वादळ धडकले श्रीवर्धन-दिवेआगरजवळ, आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या त्या रायगडच्या दक्षिण भागात आणि दापोली-मंडणगडात. त्यात कोकणात भरती-ओहोटीचा मोठा फरक आहे. आमच्या आखातात भरतीचे पाणी जेमतेम दोन-तीन फूट चढते, मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला ते चार मीटरहून अधिक चढते. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस असताना ‘निसर्ग’ दुपारी, सकाळची भरती ओसरू लागल्यावर किनाऱ्यावर आले. तेच ऐन भरतीला आले असते तर खाडीकाठच्या वाड्यांत पाणी कुठवर चढले असते, याचा विचार किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळ्याने न विचारता करून सांगितला असता.

भारतीय हवामान विभाग आपल्या चक्रीवादळ-पत्रकात उधाणाची अपेक्षित उंची आणि ते कोणत्या भागात येईल हे देतो. ते वाक्य बातमीत क्वचितच येते, आणि आलेच तर शेवटच्या परिच्छेदात. यापुढे अरबी समुद्रात वादळ उठेल तेव्हा आपण पहिल्या पानावर रेघेच्या नकाशाशेजारी एक चौकट द्यावी : कोणत्या तालुक्यात भरतीच्या वर किती पाणी अपेक्षित आहे, त्या दिवशी तेथे भरती किती वाजता आहे आणि निवारा कोणत्या शाळेत आहे. वाऱ्याचा वेग त्याखाली छापला तरी चालेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा