डावखुऱ्याचा बल्ब

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हाताने काढलेली आकृती ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं हल्ली फार कौतुक चाललंय. आमच्या वर्कशॉपमध्ये ते आलं तेव्हा काय झालं, तेवढं सांगतो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो.

टॅबवर पेनने सर्किट काढायचं, प्रोग्रॅम चिन्हं ओळखून स्वच्छ डायग्रॅम करून देणार, असा बेत होता. पहिल्या दिवशी जिन्याची वायरिंग दिली. दोन टू-वे स्विच, एक बल्ब. बल्ब म्हणजे गोल आणि आत फुली. बाकीच्यांचे बल्ब ओळखले गेले; एका डावखुऱ्या पोराचा काही केल्या ओळखेना. त्याचा गोल तर माझ्यापेक्षा सुबक. मग त्याच्या हाताकडे बघत बसलो आणि ट्यूब पेटली. तो गोल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काढतो, बाकीची पोरं उलट. प्रोग्रॅम आकृती बघतच नव्हता, पेन कुठून कुठे गेलं ते बघत होता.

रेझिस्टरची तऱ्हा वेगळी. शाळेपासून पोरांच्या हाताला नागमोडी रेघ बसलेली, आयईसी या विजेची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात मात्र आयत. प्रोग्रॅमला फक्त आयत ठाऊक. नागमोडी रेघेला तो खुशाल कॉइल म्हणायचा. पुरवठादाराला फोन केला. म्हणाले, "सर, मुलांना सवय लावा."

का म्हणून? खुणेचे पंधराएक नमुने काढून दाखवले की संगणक ती शिकतो, हे संगणक-संशोधक डीन रुबाइन यांनी 1991 मध्येच दाखवलंय. 2007 मध्ये आलेली 'वन डॉलर' पद्धत तर शंभरेक ओळींच्या कोडमध्ये बसते. रेघेवर सारख्या अंतरावर 64 ठिपके मांडायचे आणि साठवलेल्या नमुन्यांशी ताडायचे. एका खुणेला एक नमुनाही चालतो. उलटा गोल तिलाही वेगळा दाखवावा लागतो, पण दाखवायची सोय असते. आमच्या प्रोग्रॅममध्ये ती जागाच बंद करून ठेवली आहे.

सगळंच पोरांच्या मर्जीवर सोडा, असं मी म्हणत नाही. दोन वायरी जिथे जोडल्यात तिथे ठिपका हवाच. ठिपका नसलेली फुली 'जोड' म्हणून शिकवायला कोणी निघालं, तर पहिला मी आडवा येईन. तिथे चूक झाली तर शॉर्ट होतो. पण नियम कुठला आणि नुसतं हाताचं वळण कुठलं, हे मास्तरला ठरवू द्या की. असली सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनी निविदेत एकच अट घालावी: शिकवणाऱ्याला स्वतः नमुने भरता आले पाहिजेत.

तूर्त तो पोरगा टॅबवर उजव्या हाताने गोल काढतो. वाकडातिकडा येतो. प्रोग्रॅम मात्र लगेच ओळखतो.

आपला,
एक शिल्पनिदेशक, कराड