बाळाच्या नावातला ‘ळ’

संपादक महोदय,

मला आठवा महिना लागला आहे आणि घरात सध्या एकच विषय आहे, बाळाचं नाव. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी कळत नाही, कळूही नये. म्हणून आम्ही दोघांनी दोन्हींना चालेल असं एकच नाव ठरवून टाकलं: प्रांजळ. मनात असेल तेच ओठांवर येतं, तो माणूस प्रांजळ.

नाव सांगितल्यापासून जो तो ते दुरुस्त करतो आहे. सासूबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, “प्रांजल म्हण गं, नाजूक वाटतं. ळ जरा गावठीच.” ऑफिसात ऐकलं, “उद्या परदेशात गेलं तर कोणाला म्हणता येणार?” सख्खा भाऊ म्हणाला, “इंग्रजीत स्पेलिंग एकच होणार, मग अडून का बसतेस?” प्रांजल हे रूप चुकीचं नाही, हे मला माहीत आहे. पण मी लहानपणापासून जो शब्द बोलत आले, तो प्रांजळ.

गावठी म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, ऋग्वेदाची पहिलीच ऋचा ‘अग्निमीळे पुरोहितम्’ अशी सुरू होते. आमच्या शेजारच्या गुजराती काकी आणि वरच्या मजल्यावरचे तमिळ अण्णा, दोघंही हे नाव पहिल्या झटक्यात अचूक म्हणाले.

आम्ही परळला राहतो. स्टेशनच्या पाट्यांवर मराठीत ‘परळ’ आणि हिंदीत ‘परेल’ रोज दिसतं. आजूबाजूला चिंचपोकळी, काळाचौकी, वडाळा, वरळी. आधीच्या पिढ्यांत मंगळा, कमळा, गोपाळ घरोघरी होते. आता ओळखीतल्या बारशांना जाते तेव्हा पाळण्यावरच्या फुग्यांच्या अक्षरांत ळ काही सापडत नाही. पत्रिकेवरून नावरस अक्षर काढतात त्यातही तो येत नाही, कारण ळने मराठी शब्द सुरूच होत नाही. तो बिचारा मध्ये नाहीतर शेवटी असतो आणि तिथूनच अलगद काढला जातो.

माझी आजी तुळसा. रेशनकार्डावर तिची तुलसा झाली होती. दुकानात “तुलसाबाई” अशी हाक आली की ती जागची हलायची नाही, मीच तिचा पदर ओढायचे. पन्नाशीनंतर ती सही शिकली. माझ्या पाटीवर तिने आधी ळ गिरवला, दोन वेटोळी शेजारी शेजारी, पेन्सिल इतकी दाबून की टोक मोडलं. पुढे बँकेच्या स्लिपवर सही करताना त्या अक्षरापाशी तिचा हात थांबायचा, मग ती श्वास घेऊन ते पुरं करायची.

नणंदेच्या मुलाचं नाव गोपाळ. जन्मदाखल्यावर गोपाल आलं. ज्या कार्यालयात झालं त्याचं नाव घेत नाही, पण “काय फरक पडतो?” हे उत्तर तिथेच मिळालं. दुरुस्तीसाठी भावजींनी दोन सुट्ट्या घालवल्या. फरक पडतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत हाच दाखला लागणार आहे. त्यातच आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात बाळ, आई, वडील आणि आडनाव असा क्रम आहे. माझंही नाव त्यात येणार, याचा मला फार आनंद आहे.

होणाऱ्या आईबाबांना माझी विनंती, घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्यानंतरही, १२ महिन्यांपर्यंत, विनाशुल्क नोंदवता येतं. अर्जावर ते देवनागरीत स्वतःच्या हाताने, सुटं आणि ठळक लिहा. आणि महापालिकेने दाखला छापण्याआधी त्यावरचं मराठी नाव पालकांना एकदा वाचून दाखवावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी. कानात कुर्र करायला नणंदबाई डोंबिवलीहून येतील. त्यांनी आत्ताच फोनवर तीनदा म्हणून दाखवलं: प्रांजळ, प्रांजळ, प्रांजळ.

– एक होणारी आई, परळ, मुंबई