शुगर उतरली, पण तू?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. शुगरचा एचबीए१सी ९.१ वरून ६.४ वर आला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, घरचे खूश, आणि तू मात्र इन्सुलिन बंद करायच्या गोष्टी करतोयस! बाकीच्यांना हा आडमुठेपणा वाटत असेल, मला नाही वाटला. पहाटे तीनला दरदरून घाम, हात इतके थरथरतायत की रक्ताचा थेंब पट्टीला धड लागेना, आणि मीटरवर शुगर अवघी ५८. असं वरचेवर झालं तर कुणालाही झोपायची धास्तीच वाटेल.

एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी. पहाटे ५८ आणि दुपारी २२० असली, तरी सरासरी छानच दिसू शकते. तुझ्या या रात्री रिपोर्टवर उमटत नाहीत. आणि तू डॉक्टरांना सांगितल्या नसशीलच. "बरं आहे" म्हणून उठून आला असशील. ओळखतो ना तुला.

उपचारांबद्दल पेशंट किती समाधानी आहे हे मोजायला मानसशास्त्रज्ञ क्लेअर ब्रॅडली यांची आठ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. उपचार सोयीचे वाटतात का, असेच पुढे चालू ठेवाल का, असे सहा प्रश्न समाधानाचे. शुगर फार चढते किंवा फार उतरते असं कितीदा वाटतं, हे उरलेले दोन. त्यांचे गुण समाधानाच्या बेरजेत धरत नाहीत. मला हे फार पटलं. कारण अडीचशे शुगर घेऊन मजेत फिरणारेही असतात. एक गोळी, कटकट नाही, दुखत तर काहीच नाही! डोळे आणि किडन्या मात्र आतून खराब होत असतात. तेव्हा इन्सुलिन सोडून तसला समाधानी होऊ नकोस.

पण आकडा जितका खाली तितकं उत्तम, असंही नाही. अकॉर्ड नावाच्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्यांचा एचबीए१सी सहाच्या खाली न्यायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००८ मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवले. वारंवार शुगर उतरणाऱ्यांना डॉक्टर उद्दिष्ट थोडं सैल करून देतात. डोस कमी करता येतो, वेळ किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलता येतो.

म्हणून मीटरमधले पहाटेचे आकडे तारखेसह लिहून काढ आणि आत गेल्या गेल्या तो कागद पुढे कर, रिपोर्टच्या आधी. आणि त्यासाठी पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, उद्याच फोन कर. तोवर उशाशी ग्लुकोज ठेव: सत्तरच्या खाली गेली की १५ ग्रॅम घ्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं.

वहिनींनाही हे दाखवून ठेव. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझाच,
जुना दोस्त